बाहेर जाणाऱ्या वाटा

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि तीन पिढ्यांचं घर रिकामं करायची वेळ आली. माळे, दिवाणाखालचे कप्पे, बाल्कनीतलं लोखंडी कपाट सगळं उतरवायचं, भाड्याच्या घरात मावेल तेवढंच न्यायचं आणि नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत तिथे नीट राहायचं. पुण्या-मुंबईत आज कितीतरी कुटुंबं हेच करत आहेत. माझी सगळी नोकरी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत झाली, वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. तिथे शिकलेलं बरंच काही घर आवरताना कामी आलं. काही मात्र मुळीच आलं नाही, कारण घरातल्या वस्तूंना माणसं चिकटलेली असतात. दोन्ही लिहून ठेवते आहे.

१. पसारा समजून घ्यायचा तर आवक बघा

स्टोअरमध्ये बिन कार्ड असतं. त्यावर तीन रकाने: आली किती, गेली किती, शिल्लक किती. घराचं असं कार्ड मनातल्या मनात भरून बघावं. पहिला रकाना रोज भरत असतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची वाणं, ओटीचे खण, मुलांच्या वाढदिवसाहून आलेल्या परतभेटी, मिठाईचे डबे, साडीच्या दुकानातल्या जाड पिशव्या, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी. यातलं निम्मं आपण विकतसुद्धा घेतलेलं नसतं. दुसऱ्या रकान्यात मात्र महिनोन्‌महिने काही लिहिण्यासारखं नसतं.

दिवाळीच्या साफसफाईने यात फरक पडत नाही. आपण माळ्यावरचं खाली उतरवतो, पुसतो, नवा कागद अंथरतो आणि परत वर ठेवतो. धूळ जाते, वस्तू तेवढ्याच राहतात. मोठं घर घेतल्यानेही प्रश्न सुटत नाही. जिथून काही बाहेर जात नाही ती जागा कितीही मोठी असली तरी भरणारच.

२. कपाट उघडण्याआधी वाटा शोधा

हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा धडा. बहुतेक लोक सुट्टीच्या दिवशी उत्साहाने कपाट उघडतात. दुपारपर्यंत पलंगावर ढीग होतात आणि संध्याकाळी झोपायला जागा हवी म्हणून तेच ढीग पुन्हा आत जातात. वस्तू नकोशी असते, पण ती कुठे द्यायची हे माहीत नसतं. म्हणून कपाटाला हात लावण्याआधी आपल्या भागातून कोणती वस्तू कुठे जाते याची यादी करावी. कोणाचा फोन नंबर, कोण कोणत्या वारी येतं, कोणाकडे आपण नेऊन द्यायचं, हे सगळं त्यात हवं.

वर्तमानपत्रं आणि पुठ्ठा रद्दीवाल्याकडे जातो, लोखंड-पत्रा आणि फुटक्या बादल्या भंगारवाल्याकडे, इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून उभी आहे आणि तिच्यातूनच निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदारचा कचरा नेते. रोज दारात येणाऱ्या ताईंना कागद, बाटल्या, पत्रा हे वेगवेगळं आणि कोरडं करून दिलं तर त्याचे पैसे त्यांच्या हाती पडतात. ओल्या कचऱ्यात कालवलेल्या कागदाला भाव मिळत नाही. बंद पडलेला मोबाइल, चार्जर, मिक्सर यांची वाट वेगळी. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नव्या नियमांनुसार ई-कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रापर्यंत पोचेल हे बघण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्रात विचारायला संकोच करू नये.

कपड्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरात सर्वांत जास्त जागा तेच अडवतात. धड, घालता येण्याजोगे कपडे बोहारणीला द्यावेत. ती कॉलर उलटून बघते, साडीचा काठ ताणून बघते, झिरझिरीत झालेलं प्रकाशात धरते. त्या कपड्यांच्या बदल्यात ती स्टीलचं भांडं देते आणि पुढे जुन्या कपड्यांच्या बाजारात तिची कमाई होते. तिच्या डोक्यावरचं ओझं बघावं आणि घासाघीस करू नये. (भांडं न घेताच कपडे दिले तर उत्तमच, नाहीतर एक डबा पुन्हा घरात येतो.) तिचा नकार मी प्रमाण मानते. बोहारीण जे नाकारते, ते दान म्हणूनही कोणाला देऊ नये. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था शहरातले कपडे गावांत नेते, पण फुकट वाटत नाही. गावकऱ्यांनी रस्ता, विहीर, तलाव अशी गावाची कामं केली की त्या श्रमांचा मोबदला म्हणून कपडे देते. ज्याला कोणी मेहनतीचा मोबदला म्हणून घेणार आहे तो शर्ट बटणं तुटलेला असू नये.

मऊ झालेल्या सुती साड्या गोधडीला जातात. आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या मावशींच्या गावात अजून गोधड्या शिवतात, त्यांनी नऊवारी आनंदाने नेली. कृत्रिम धाग्याची साडी त्या घेत नाहीत, घाम शोषत नाही म्हणून. विरलेल्या चादरींची फडकी करावीत, पण ओट्याला आणि फरशीला लागतील तेवढीच. फडक्यांचंही गाठोडं होतं.

वाटा आधी ठरल्या की निर्णय विलक्षण सोपे होतात. ‘टाकू का ठेवू’ हा प्रश्न जड आहे. ‘हे मावशींकडे की बोहारणीकडे’ हा हलका आहे.

३. अनिर्णीत वस्तूला तारीख द्या

जपानी कारखान्यांतून आलेली ‘फाइव्ह एस’ पद्धत पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कामगारांना तोंडपाठ असते: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. निवड, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण आणि शिस्त. पहिल्या पायरीवर लाल टॅग वापरतात. एखादी वस्तू लागेल की नाही यावर एकमत होत नसेल, तर भांडत न बसता तिला लाल चिठ्ठी लावायची. तिच्यावर तारीख, लावणाऱ्याचं नाव आणि कारण. मग ती एका आखलेल्या चौकोनात ठेवायची. ठरलेल्या मुदतीत कोणी मागितली तर परत जागेवर, नाहीतर बाहेर.

घरात आम्ही हे जसंच्या तसं घेतलं. मुदती सणांना बांधल्या: पाडव्याला ठेवलेला खोका दसऱ्याला बघायचा, दसऱ्याचा पाडव्याला. खोक्यावर मोठ्या अक्षरात तारीख. यजमानांचे जुने टेपरेकॉर्डरचे भाग, माझं भरतकामाचं सामान, लेकीच्या क्लासच्या नोट्स यांवरून होणारे वाद त्या खोक्याने मिटवले. तारीख लिहायला मात्र विसरू नये. तारीख नसेल तर तो दुसरा माळाच.

४. दुसऱ्याच्या आठवणीचा निर्णय आपण घेऊ नये

कारखान्याची रीत घरात चालत नाही, ती इथे.

स्वयंपाकघराच्या माळ्यावर सासूबाईंची भांडी होती. पितळेची पातेली, परात, तांब्याचं घंगाळ, मग स्टीलचे तांबे, पेले, डबे. मी विचारलं, “आई, ही पातेली आता काढूया का? कल्हई करणाराही हल्ली फिरकत नाही.”

त्या म्हणाल्या, “काढू की. पण आधी प्रत्येक उलटी कर आणि काठावर काय लिहिलंय ते वाच.”

भांड्यांच्या दुकानाबाहेर नावं घालणारा बसायचा. लग्नामुंजीला द्यायच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, निमित्त आणि तारीख तो टिंबाटिंबांनी कोरून द्यायचा. अक्षरांवर पैसे, म्हणून मजकूर आटोपशीर. एकेक भांडं हातात घेऊन त्या सांगत गेल्या. हे आत्याबाईंनी मंगळागौरीला दिलेलं, त्या वर्षी त्यांच्याकडे पीक बुडालं होतं तरी दिलेलं. हा डबा शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकूंचा, त्यांच्या मुलाला शाळेच्या परीक्षेच्या वेळी आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. हे पातेलं ज्यांनी दिलं त्या घराशी नंतर बोलणंच राहिलं नाही. कुटुंबाचा सगळा कागद त्या काठांवर लिहिलेला होता, आणि तो वाचता येणारी व्यक्ती आता घरात एकच उरली होती.

मग आम्ही घाई सोडली. त्या सांगत, लेक वहीत लिहून घेई, मी प्रत्येक कोरलेल्या ओळीचा फोटो काढी. वही पूर्ण झाल्यावर सासूबाईंनी स्वतःच वाटण्या केल्या. बरीच भांडी ज्या घरांतून आली होती तिथल्याच नातवंडांकडे परत गेली. पणजीचं नाव कोरलेलं पातेलं हातात पडल्यावर एका भाचीने ते मुद्दाम कल्हई करवून रोजच्या वापरात घेतलं. उरलेलं पितळ कसबा पेठेतल्या तांबट आळीत मोडीला गेलं. घंगाळ त्यांनी ठेवलं, मीही त्याबद्दल शब्द काढला नाही.

जपानच्या मारी कोंदो यांची पुस्तकं जगभर वाचली गेली. वस्तू हातात घ्या, आनंद होत असेल तरच ठेवा, ही त्यांची कसोटी. स्वतःच्या कपड्यांना ती छान लागू पडते, मीही वापरते. पण आपल्याकडच्या एकत्र घरात वस्तूचा मालक एकटा नसतो. तिथे ‘हिचं कोणाशी नातं आहे आणि त्या माणसाला ही हवी आहे का’ असा प्रश्न विचारलेला बरा. वयस्कर माणूस दवाखान्यात किंवा गावी गेलेला असताना त्याची खोली आवरून ठेवण्याचा प्रकार मी काही घरांत पाहिला आहे. हेतू चांगला असतो, पण ते करू नये.

५. कागद सगळ्यांत शेवटी

कपड्याचा निर्णय हात लावून होतो, कागद मात्र वाचावा लागतो. पहिल्याच दिवशी कागदांची पेटी उघडली तर त्याच दिवशी आवरणं थांबतं. भांडी, कपडे, फर्निचर झाल्यावर, रोज थोडा वेळ बसून ती पेटी हाताळावी.

खरेदीखत, सूची क्रमांक दोन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावच्या जमिनीचे सातबारा आणि फेरफार, मृत्यूचे दाखले, पेन्शनचे आदेश हे मूळ स्वरूपात एकाच फायलीत हवेत, आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. पुनर्विकासात शेअर सर्टिफिकेटवाचून पुढचं पान हलत नाही. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्यात आधार, वाहन परवाना, बऱ्याच मंडळांच्या गुणपत्रिका मिळतात. तरी घराच्या मूळ कागदांना पर्याय नाही.

जुनी पासबुकं फाडण्याआधी एक काम करा. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यांतले पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे जातात, पण खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही. अशी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ हे पोर्टल सुरू केलं. आजोबांच्या नावाने तिथे एकदा शोध घ्यावा. जुन्या कागदी शेअर्सचंही तसंच आहे, ते रद्दीत घालण्याआधी जाणकाराला दाखवावेत.

आणि मोडीतला कागद मिळाला तर तो वाचता येत नाही म्हणून फेकू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. मोडी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आपल्या व्यवहारात होती, त्यामुळे अगदी साध्या घरातही असा एखादा कागद निघतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून लोकांच्या घरांतली दप्तरं मिळवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला तो अशाच कागदांच्या बळावर. त्यांनी १९१० साली स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात आजही आहे. तिथल्या मंडळींना कागद दाखवावा. जमिनीची साधी पावती असेल, पण त्यातून एखाद्या गावाची वस्ती कळते.

६. दिवाळी अंक जानेवारीच्या आत द्या

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत. आवडत्या कथेचा फोटो काढून ठेवावा आणि अंक गावच्या वाचनालयाला किंवा वृद्धाश्रमाला लवकर द्यावा. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने त्याला वाचकांची रांग असते, पुढच्या दिवाळीला कोणी विचारत नाही. पुस्तकांनाही हेच. कालबाह्य झालेली पाठ्यपुस्तकं आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं वाचनालयाच्या गळ्यात मारू नयेत, ती रद्दीतच जायला हवीत.

७. डबे-कप्पे विकत घेणं सर्वांत नंतर

आवरायचं ठरलं की लोक आधी एकसारखे डबे, टोपल्या, ड्रॉवरचे खण घेऊन येतात. किती वस्तू उरणार हे माहीत नसताना घेतलेला डबा हाही एक पसारा. वस्तू कमी झाल्यावर सहसा घरातलेच डबे पुरतात.

मांडणीचा नियम स्टोअरमध्ये सोपा होता: रोज लागतं ते कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात, जड ते खाली, क्वचित लागणारं वर. आणि वस्तू जिथे वापरली जाते तिथेच ठेवायची. कात्री बैठकीच्या ड्रॉवरमध्ये असून दुधाची पिशवी स्वयंपाकघरात कापली जात असेल, तर ती कात्री कधीच जागेवर सापडणार नाही. स्वयंपाकघराला वेगळी कात्री द्यावी. पोळपाट-लाटणं, तवा, सांडशी गॅसपासून एका हाताच्या अंतरावर. कारखान्यात हत्यारांच्या फळीवर पाना-पक्कडीचा आकार रंगवलेला असायचा, म्हणजे काय गायब आहे ते लांबून दिसे. आम्ही चाव्यांच्या खुंट्यांवर नावं लिहिली. किल्ली शोधण्याची सकाळची धावपळ तेवढ्याने संपली.

८. आवरण्याला दिवसातली वेळ बांधून द्या

एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगतात. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘किमान’ पुढे गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत कितीही लागू शकतात असं त्यातून दिसलं, मधला आकडा ६६. मला त्यातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते: मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. पाहुणे आले, आजारपण आलं, दोन दिवस राहिलं, तर तिसऱ्या दिवशी पुढे चालू करायचं. सगळं मुसळ केरात गेलं असं मानायचं कारण नाही.

वेळ मात्र एखाद्या रोजच्या गोष्टीला जोडलेली हवी. कारखान्यात पाळी सुटण्याआधीची दहा मिनिटं मशीन पुसायला आणि हत्यारं जागेवर ठेवायला राखीव असत. पुढच्या पाळीच्या माणसाला स्वच्छ टेबल मिळायला हवं, हा त्यामागचा मान होता. घरात आपल्याकडे अशी वेळ पूर्वीपासून होतीच. दिवेलागणीआधी केर काढायचा, अंथरुणं-कपडे आवरायचे आणि मग देवापाशी दिवा लावायचा. मी तीच वेळ धरली आहे. दिव्याआधी दहा मिनिटं जो घरात असेल त्याने समोर दिसेल ती वस्तू तिच्या जागी न्यायची. नोकरीवरून उशिरा येणाऱ्यांनी हे रात्रीच्या जेवणानंतर ओटा पुसताना जोडावं. एका सवयीवर थांबावं, ती मुरल्यावर दुसरी. आम्ही दुसरी घेतली ती ‘आलेलं खोकं त्याच दिवशी फोडून पुठ्ठा दाराबाहेर’ ही.

९. जागा एकट्या बाईच्या डोक्यात नको

‘आई, माझा मोजा कुठंय?’ या हाकेला उत्तर देणं हेही काम आहे, आणि ते मोजलं जात नाही. अमेरिकेत डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी लॉस एंजेलिसमधल्या नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. घर पसरलेलं आहे, कामं राहिली आहेत असं सांगणाऱ्या बायकांमध्ये कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची दिवसभरातली घसरण हवी तशी होत नव्हती. पसारा सगळ्यांचा आणि त्याचा भार एकीच्या शरीरावर, हे मला मान्य नाही. म्हणून कप्प्यांवर चिठ्ठ्या लावल्या, मराठीत, ठळक. डाळींच्या डब्यांपासून औषधांच्या पेटीपर्यंत. मसाल्याचा डबा कुठे आहे हे यजमानांना आता विचारावं लागत नाही आणि लेक स्वतःचे कपडे स्वतःच्या खणात ठेवते. सुरुवातीला त्यांच्या घड्या माझ्यासारख्या होत नव्हत्या. मी त्या पुन्हा घालत बसले नाही. पुन्हा घातल्या असत्या तर ते काम परत माझ्याकडेच आलं असतं.

१०. देतानाही विचार करा

जे आपल्या घरातून बाहेर काढायला इतके कष्ट पडले, ते दुसऱ्याच्या घरात आपण तरी का न्यावं? प्लास्टिकची वाटी, चाळणी, छोटा आरसा, पर्स: संक्रांतीच्या वाणाच्या अशा कितीतरी वस्तू खोक्यातून जशाच्या तशा निघाल्या, त्यातल्या काही मीच कधीतरी वाटलेल्यांच्या जोडीच्या असतील. आमच्या मजल्यावरच्या बायकांनी मिळून ठरवलं की वाण म्हणून संपणारी वस्तू द्यायची. गूळ, हातसडीचा तांदूळ, तीळ, घरचं मेतकूट, काळा मसाला. मेतकूट सर्वांना आवडलं, बाटल्या धुऊन परत आल्या आणि पुढच्या खेपेला त्यांतच भरलं. लहान मुलांच्या वाढदिवसाला आम्ही बालनाट्याचं तिकीट किंवा वाचनालयाची वर्षाची वर्गणी देतो. लग्नात काय द्यायचं यावर अजून एकमत नाही. सासूबाईंचं म्हणणं, एक तरी भांडं नाव घालून द्यावं, नाहीतर कोणी दिलं ते कळणार कसं. मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. एक द्यावं, पण चांगलं, रोज वापरता येईल असं, आणि काठावर नाव घालून.